आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थी आणि त्याचा अभ्यास

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे गावोगावच्या मंडळींनी तिचा कित्ता गिरविला. याच ऋतूत आणखी एक गोष्ट आपल्या घरोघरी येते, ती म्हणजे परीक्षा. एकीकडे पळस फुललेला असतो, विहिरी तळ गाठू लागलेल्या असतात, आणि दुसरीकडे कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी माळवदावर पुस्तक घेऊन बसलेली असते. आपण संध्याकाळी दोन घटका व्याख्यान ऐकावयास येतो, त्याच वेळी आपल्या घरात कोणीतरी वर्षभराचे राहिलेले वाचन महिन्याभरात उरकण्याच्या धडपडीत असते.

अभ्यास कसा करावा याचा उपदेश विद्यार्थ्यांना पुष्कळ मिळतो. पहाटे उठावे, वेळापत्रक करावे, मन एकाग्र करावे, हे सांगणारी माणसे प्रत्येक घरात असतात. तो उपदेश पुन्हा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही आज थोडे मागे वळून पाहणार आहोत. आपल्या भागातला विद्यार्थी पूर्वी अभ्यास कसा करीत असे, त्याच्या सवयी कोणी घडविल्या, कोणी मोडल्या, आणि त्यांतून आज घेण्यासारखे काय आहे, याचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, अभ्यासाची सवय ही एकट्या विद्यार्थ्याची नसते. ती त्याच्या घराची, शाळेची आणि गावाची असते. गावाने आपला वाटा उचलला तेव्हा साधारण कुवतीची मुलेही पुढे गेली, आणि गावाने हात काढून घेतला तेव्हा हुशार मुलेही मागे पडली.

'आमचा जिल्हा' म्हणताना एक खुलासा करावयास हवा. निजामाच्या राज्यात या जिल्ह्याचे ठाणे आधी नळदुर्गास होते, ते पुढे धाराशिवास आले. शेवटचा निजाम उस्मान अली खान याच्या नावावरून गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि २०२३ साली धाराशिव हे जुने नाव पुन्हा सरकारदरबारी रूढ झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बिदरकडील निलंगा, अहमदपूर, उदगीर हा मुलूख याच जिल्ह्यास जोडला गेला. लातूर तर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत या जिल्ह्याचाच भाग होते. तेव्हा लातूरकडील गोष्ट सांगू लागलो तर ती परक्याची समजू नये.

आता मूळ विषयाकडे येऊ. शाळाखात्याची शाळा येण्यापूर्वी आपल्या गावांतून पंतोजींची शाळा असे. धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, मोडीचे कित्ते वळवावयाचे, आणि उजळणी म्हणावयाची. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी. दिवेलागणीच्या वेळी घरोघर परवचा चाले. एक मुलगा सांगे, बाकीचे मागून म्हणत, आणि ओसरीवर बसलेला आजोबा चुकलेला आकडा तेथल्या तेथे दुरुस्त करी. या पद्धतीला पुढे 'घोकंपट्टी' म्हणून हिणविण्यात आले, आणि ते काही अंशी रास्तही होते. अर्थाकडे लक्ष नसे, प्रश्न विचारण्यास वाव नसे, छडीचा धाक असे. शिवाय ही शाळा सर्वांसाठी नव्हती. गावातल्या कित्येक जातींच्या मुलांना आणि बहुतेक सर्व मुलींना तिचा उंबरठा बंद होता, ही गोष्ट विसरून तिचे गोडवे गाणे बरे नव्हे.

परंतु त्या परवच्यात तीन गुण होते. तो रोज होई, पुस्तक न पाहता होई, आणि चारचौघांत होई. वर्षाच्या शेवटी एकदम बत्तीस पाढे पाठ करण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. आज जे शिकलो ते उद्या आणि परवा पुन्हा तोंडून काढावयाचे, असा शिरस्ता होता. वेदपाठशाळांतून पद, क्रम, जटा, घन अशा पाठांच्या पद्धती होत्या, त्यांतही हेच तत्त्व दिसते. तेच शब्द उलटसुलट क्रमाने पुनःपुन्हा म्हणून घ्यावयाचे, म्हणजे चूक लपून राहत नाही. हे गुण आपण लक्षात ठेवू, कारण पुढे त्यांच्याकडे परत यावे लागणार आहे.

लेखी परीक्षेचे युग मुंबई विद्यापीठाबरोबर आले. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. तिला १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. परीक्षा इंग्रजीतून, ठरावीक तासांत, कागदावर. पंतोजींच्या शाळेतली परीक्षा रोज आणि तोंडी होई, ही वर्षातून एकदा आणि लेखी होऊ लागली. या एका फरकाने विद्यार्थ्याची सारी दिनचर्या पालटली. वर्षभर सैल राहावयाचे आणि शेवटी रात्रीचा दिवस करावयाचा, या सवयीचे मूळ येथे आहे. ज्यांनी वर्षभर मेहनत केली त्यांनाही तिची किंमत द्यावी लागली. रानड्यांचे डोळे विद्यार्थिदशेतल्या अतिवाचनाने अधू झाले आणि जन्मभर अधू राहिले. त्याच पिढीच्या थोडे पुढचे लोकमान्य टिळक. त्यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष बहुतांशी व्यायामात घालविले, आणि १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. शरीर धड नसेल तर डोके चालत नाही, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच ओळखले होते.

रानड्यांच्या घरातलीच आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १८७३ साली रमाबाई लग्न होऊन त्या घरात आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवावयास घेतले. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही, आणि वाचनाबद्दल रमाबाईंना टोमणे ऐकावे लागले. पुढे त्यांनी स्वतःच हे सारे लिहून ठेवले आहे. शिकविणारा खुद्द रानड्यांसारखा असूनही अभ्यासाला घराची संमती मिळविणे इतके अवघड गेले, तर ज्या मुलीला चूल, पाणी, धाकटी भावंडे आटोपून पुस्तक उघडावयाचे आहे, तिची काय कथा? मुलीच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न एकाग्रतेचा नसून वेळेचा आहे, आणि तो वेळ तिच्या हातात नसतो, घरच्यांच्या हातात असतो.

याच्या उलट एक उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या घरचे आहे. परळच्या चाळीतली एकच खोली. स्वयंपाक, झोप, पाहुणे, सर्व काही त्याच खोलीत. वडील रामजी सुभेदार यांनी त्यावर तोड काढली. भीमरावाने लवकर निजावयाचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहावयाचे, मग मुलाला उठवून स्वतः आडवे व्हावयाचे. उरलेल्या रात्रीत, सारी चाळ निजलेली असताना, चिमणीच्या उजेडात अभ्यास चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. बाबासाहेबांच्या अलौकिक बुद्धीविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु त्या खोलीत जागा नव्हती, तेव्हा एका बापाने वेळेतून जागा काढून दिली, हे आपण क्वचित बोलतो. पुढे १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या असंख्य दलित मुलांना जागा, दिवा आणि सोबत तेथे मिळाली.

आता आपल्या भागाकडे वळू. पुण्या-मुंबईकडे विद्यापीठाची तिसरी पिढी शिकून बाहेर पडत होती, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. हिंदुस्थानातील एका भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक इत्यादी उच्च विषय शिकविण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. त्यासाठी ग्रंथांच्या भाषांतराचे स्वतंत्र खातेच उघडले होते. या प्रयोगाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. मात्र ती भाषा उर्दू होती. राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. धाराशिवच्या किंवा कळंबच्या मराठी मुलाला माध्यमिक शाळेपासून भूगोल उर्दूतून, गणित उर्दूतून शिकावे लागे. घरी आईला त्यातले काही कळत नसे, आणि वडिलांना विचारावे तर त्यांचे शिक्षण मोडीपाशी थांबलेले.

याचा अभ्यासाच्या सवयीवर काय परिणाम झाला, हे पाहण्यासारखे आहे. जी भाषा घरात बोलली जात नाही, तिच्यातून शिकणारा मुलगा वाक्ये पाठ करतो. अर्थ पुरता कळलेला नसला की शब्द घट्ट धरून ठेवावे लागतात, कारण ते निसटले तर हाती दुसरे काहीच उरत नाही. स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिण्याची हिंमत अशा मुलाला होत नाही. आपल्या भागातल्या घोकंपट्टीस मुलांचा आळस कारण झाला असे जे म्हणतात, त्यांनी ही पन्नास-पाऊणशे वर्षांची पार्श्वभूमी विचारात घ्यावी. आज मराठीची जागा इंग्रजीने घेतलेल्या शाळांतही हाच प्रकार पुन्हा दिसू लागला आहे.

दुसरी अडचण अंतराची. पदवीपर्यंत शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे. जवळचे मोठे गाव सोलापूर, पण ते इंग्रजी मुलखात. बार्शी लाईट रेल्वे येडशी-ढोकीवरून लातूरपर्यंत धावत होती, तिने पुष्कळांची सोय केली. पण जाण्यायेण्याची सोय झाली म्हणून परगावी राहण्याजेवण्याची सोय होतेच असे नाही. वार लावून जेवणे, कोणाच्या तरी ओसरीवर निजणे, नातलगाच्या घरी पडेल ते काम करणे, अशा आधारावर मुले शिकली. हेही गावाचेच देणे होते. मात्र ते जातीपातीच्या चौकटीत दिले जाई, आणि त्या चौकटीबाहेरच्या मुलाला ते मिळत नसे.

या काळात आपल्या जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग झाला. लोहाऱ्याजवळच्या हिप्परगा या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. वर्ष असहकाराचे होते. पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ त्याच साली स्थापन झाले. या विद्यापीठाची पदवी घेतलेले एक तरुण, व्यंकटेश भवानराव खेडगीकर, पुढे हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. हे मंडळ पुढे अंबाजोगाईस गेले आणि तेथे योगेश्वरी शाळेचा विस्तार झाला. संस्थानात उर्दूचा अंमल असताना या शाळांनी मुलांना मराठीतून विचार करावयास शिकविले. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे राहणे एकत्र असे. ज्या खेड्यात धड रस्ता नव्हता, तेथे असे शिक्षक येऊन राहिले आणि गावाने त्यांना ठेवून घेतले, यातच त्या शाळेचे सारे बळ होते.

अभ्यास आणि परीक्षा यांच्या आड कधी कधी त्याहून मोठे कर्तव्य येते. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. सरकारने तो नाकारला, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून गेली. वर्ष बुडाले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने या मुलांना आपल्याकडे सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यांतलेच. एका परक्या प्रांतातल्या विद्यापीठाने दार उघडले नसते, तर त्या पिढीच्या शिक्षणाचे काय झाले असते? १९४७-४८ मध्ये तर कित्येक मुलांनी शाळा-कॉलेज सोडून थेट लढ्यात उडी घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात अर्धवट शिकलेल्या तरुणांची एक पिढीच उभी होती.

मुक्तीनंतर चित्र झपाट्याने पालटले. शाळा मराठीतून चालू लागल्या. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि मराठवाड्याच्या मुलाची परीक्षा प्रथमच मराठवाड्यात होऊ लागली. १९९४ साली या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि त्याचे उपकेंद्र २००४ साली आपल्या गावी आले. लातुरास १९६१ साली दयानंद महाविद्यालय आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. ज्यांच्या आजोबांनी हैदराबादची वाट धरली होती, त्यांची नातवंडे सकाळी एस. टी.ने कॉलेजात जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागली.

येथे दोन माणसांची आठवण करावीशी वाटते. नरहर कुरुंदकर हैदराबादेस आपले मामा डॉक्टर नांदापूरकर यांच्याकडे शिकावयास होते. इंटरच्या परीक्षेत त्यांना एकापेक्षा अधिक वेळा अपयश आले. त्याच काळात त्यांचे वाचन मात्र अफाट चालू होते. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि इतिहास, साहित्य, राजकारण या विषयांवर त्यांचा शब्द महाराष्ट्राने मानला. दुसरे सेतुमाधवराव पगडी. १९१० साली निलंग्यास जन्मलेले. परीक्षा उत्तम देऊन ते सरकारी अधिकारी झाले, आणि आदिलाबादकडे नेमणूक झाली तेव्हा तेथल्या गोंड आणि कोलाम लोकांच्या भाषा शिकून त्यांवर पुस्तके लिहिली. एकाला परीक्षेने साथ दिली नाही, दुसऱ्याला दिली. दोघांचाही अभ्यास परीक्षेबरोबर संपला नाही. म्हणून परीक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पोट तिच्यावर अवलंबून असते. पण परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत, ही सवय लावून आपण मुलांचे काय नुकसान करतो, ते या दोघांकडे पाहून कळते.

आता लातूरची गोष्ट. लातूर वेगळा जिल्हा झाल्यानंतर शाहू महाविद्यालयाने परीक्षेच्या तयारीची एक शिस्त बसविली, तीच 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तिचे जनक म्हणून प्राचार्य डॉक्टर जनार्दन वाघमारे यांचे नाव घेतले जाते. या पद्धतीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम लवकर संपवावयाचा. सुट्टीतही वर्ग घ्यावयाचे. मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यावयाच्या, उत्तरे तपासून परत द्यावयाची, चुका दाखवावयाच्या आणि पुन्हा लिहून घ्यावयाचे. ज्या भागाला मागासलेला म्हणून हिणविले जात होते, त्या भागातली मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली. हे यश वर्षभर राबणाऱ्या शिक्षकांचे होते, आणि आपल्या आजोबांच्या परवच्याचे तत्त्वच त्यात नव्या रूपात आले होते. रोज, पुस्तक न पाहता, आणि तपासणारा समोर.

पण प्रत्येक चांगल्या गोष्टीची एक सावली असते. जे महाविद्यालयातल्या शिक्षकांनी कर्तव्य म्हणून केले, त्याचा पुढे बाजार झाला. खासगी शिकवण्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंडा, भूम, वाशीकडच्या शेतकऱ्याने मुलाला लातूर-पुण्यास ठेवण्यासाठी कर्ज काढावे, प्रसंगी जमिनीचा तुकडा विकावा, असे दिवस आले. आपला जिल्हा अवर्षणाचा. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून निवड केली, त्यांत त्याचे नाव आहे. असा जिल्हा आपल्या मुलांच्या अभ्यासासाठी बाहेर पैसा पाठवितो, आणि गावात मात्र मुलाला बसावयास चार भिंती आणि एक दिवा मिळत नाही, हे व्यवहारालाही धरून नाही.

यापेक्षाही वाईट गोष्ट आहे नकलेची. परीक्षेच्या दिवशी खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे हात विद्यार्थ्यांचे नसतात. ते भावाचे, मामाचे, शेजाऱ्याचे असतात. म्हणजे गाव परीक्षेला मदत करावयास जमते, पण चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या जागी. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोठी मोहीम झाली आणि तिचे अनुकरण इतरत्रही झाले. पोलीस बंदोबस्ताने नक्कल थांबते, पण अभ्यास सुरू होत नाही. त्यासाठी तेच हात सहा महिने आधी पुढे यावे लागतात.

विद्यार्थ्याच्या मनाविषयी शास्त्र काय सांगते, तेही थोडे पाहू. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकण्यापेक्षा अधिक टिकते, असे त्याला आढळले. अगदी अलीकडे, २००६ साली, अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार पाळ्यांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणाऱ्या गटाला शंभरात ८३ आणि लिहिणाऱ्या गटाला ७१ भाग आठवला. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ४० आणि लिहिणाऱ्यांना ६१. रात्री पुस्तक चारदा वाचून 'सगळे येते' असे वाटते, आणि परीक्षेत हात थांबतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे. पाच मिनिटांचे येणे आणि आठवड्यानंतरचे येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा विद्यार्थ्याला सांगावयाचे ते फार नाही. वाचून झाले की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून पाहा. जे लिहिता आले नाही तेवढेच पुन्हा वाचा. आजचे परवा, परवाचे आठवड्याने, आणि आठवड्याचे महिन्याने पुन्हा लिहून पाहा. उत्तर आधी आपल्या मराठीत कोणाला तरी समजावून सांगा, मग परीक्षेच्या भाषेत मांडा. झोप मोडू नका आणि शरीराकडे दुर्लक्ष करू नका. रानड्यांचे डोळे आणि टिळकांचा व्यायाम, दोन्ही लक्षात ठेवा. हातातला मोबाईल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. ही काही नवीन विद्या नाही.

पण हा उपदेश पाळावयाचा तर त्याला जागा हवी. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला आणि किल्लारीपासून सास्तूरपर्यंतची गावे जमीनदोस्त झाली. कित्येक मुलांचे घर गेले, आईबाप गेले. तेव्हा भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याकडे शिकावयास नेली आणि वाघोलीस त्यांच्या राहण्याशिकण्याची सोय केली. त्या मुलांपैकी पुष्कळ आज आपापल्या पायांवर उभी आहेत. त्यांना कोणी एकाग्रतेवर व्याख्यान देऊन उभे केले नाही. त्यांना निवारा, जेवण, दिवा आणि विचारपूस मिळाली, आणि मग अभ्यास त्यांचा त्यांनी केला.

श्रोतेहो, भूकंपानंतर आपण जे करू शकलो ते एरवीही करता येईल. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि गावोगावी ग्रंथालये आहेत. त्यांतली कित्येक संध्याकाळी वर्तमानपत्र वाचण्यापुरती उघडतात. परीक्षेच्या आधीचे चार महिने ती पहाटे पाचला आणि रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येतील. एक खोली केवळ मुलींसाठी राखता येईल, आणि रात्री त्यांना घरी पोचविण्याची पाळी गल्लीतल्या मंडळींना वाटून घेता येईल. लग्नसराई आणि यात्रा आपल्याकडे याच दिवसांत येतात. वाजंत्री वाजावी, पण कर्णा रात्री दहाला बंद व्हावा. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतली मंडळी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांची लिहिलेली उत्तरे तपासून द्यावीत. विषय पुरता येत नसला तरी चालेल. 'हे मला समजावून सांग' एवढे म्हणणारा माणूस समोर असला, तरी मुलाचा अभ्यास निम्मा होतो. ओसरीवरचा आजोबा तरी याहून अधिक काय करीत होता?

या व्याख्यानमालेला दर वर्षी मंडप पडतो, दिवे लागतात, खुर्च्या मांडल्या जातात, आणि काही दिवसांनी सारे उचलले जाते. पुढच्या वर्षी मंडप पडेल तेव्हा या गावात मुलांना बसावयास निदान दोन अभ्यासिका उघडलेल्या असाव्यात, आणि त्यांचे दिवे व्याख्याने संपल्यावरही चालू राहावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.